पांढऱ्या शर्टातला फोटो

“परत फ्रीज?” मी विचारलं.

“हा दुसरा आहे सर,” अंकुश पिपरे म्हणाला. “मागचा आमचा होता. हा मामाचा आहे. डबल डोअरचा.”

कुणी हसलं नाही. दहाच्या दहा पोरं मन लावून टीव्हीच्या पडद्याकडे पाहत होती. फ्रीजच्या दारावरचा कंपनीचा स्टिकरसुद्धा अजून काढलेला नव्हता. टीव्हीला जोडलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबून मी पुढच्या फोटोवर गेलो. पुढे मोटरसायकल आली, तिच्यावर गॉगल लावून बसलेला कुणाचा तरी भाऊ आला. मग वाढदिवसाचा केक आणि केकसमोर ओळीने उभी राहिलेली माणसं, सगळी ताठ, सगळी कॅमेऱ्याकडे बघत.

चंद्रपूरच्या अलीकडे एका कोळसाखाणीच्या वसाहतीत मी हा वर्ग घेत होतो. शनिवार-रविवार नागपूरहून बसने जायचं, तिथल्या सभागृहात नववी-दहावीच्या मुलामुलींना फोटो काढायला शिकवायचं, असे आठ आठवडे. नागपूरच्या एका संस्थेने दहा छोटे डिजिटल कॅमेरे दिले होते. मुलांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल, स्वतःच्या नजरेने काहीतरी सांगावं, असा उपक्रमाचा हेतू. शेवटी नागपुरात प्रदर्शन होणार होतं. ते नीट झालं तर तीन वर्षांचा मोठा उपक्रम मिळणार होता आणि त्याचा प्रमुख मी असणार होतो. संस्थेच्या अनुपमाताईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधीच्या वर्षी माझ्या वर्तमानपत्राने छायाचित्र विभाग बंद केला होता. पंधरा वर्षं मोर्चे, अपघात, पूर आणि पुढाऱ्यांचे सत्कार टिपून मी घरी बसलो होतो. हे काम मला हवं होतं.

पाच आठवडे झाले होते आणि माझ्याकडे भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो नव्हता.

“अरे, बाहेर बघा जरा,” मी म्हणालो. “झाडांची पानं काळी पडलीत. दिवसभर ट्रक जातात. सकाळी अंगण झाडलं की सुपभर कोळसा निघतो. हे तुम्ही रोज जगता ना? मग ते फोटोत का येत नाही?”

“सर, ते तर रोजच पाहतो,” अंकुश म्हणाला. “त्याचा फोटो काहून काढायचा?”

“कारण ते खरं आहे.”

“फ्रीज पण खराच आहे न सर.”

आता सगळे हसले. मी पुढचा कॅमेरा ओढला. तो वैजयंती दुर्गेचा होता.

वैजयंती दहावीत होती. उंच, सावळी, वर्गात शेवटी बसणारी. बोलायची कमी. बाकीची पोरं आठवड्याला शंभर फोटो काढून आणायची, ही सात-आठच आणायची; पण प्रत्येक फोटो काढताना तिने वेळ घेतलाय हे कळायचं. मला तिच्याकडून थोडी आशा होती.

त्या आठवड्यात तिने तीनच फोटो आणले होते. पहिला ओट्यावरच्या नव्या गुलाबी टाइल्सचा. दुसरा भांड्यांच्या मांडणीचा. तिसऱ्यात एक माणूस होता. चाळिशीचा, ओले केस चापूनचोपून भांग पाडलेले, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मागे फुलाफुलांचा पडदा. छातीपर्यंतच फोटो.

“हे कोण?”

“बाबा.”

“वैजयंती,” मी म्हणालो, “हा ओळखपत्राचा फोटो झाला. असा फोटो कोपऱ्यावरच्या स्टुडिओतसुद्धा काढून मिळतो. त्यात तू कुठे आहेस?”

तिने पिशवी जवळ ओढली.

“आणि हे बघ. डावा खांदा फ्रेमच्या बाहेर गेलाय. अर्धा माणूस कापलास तू. काढताना दिसलं नाही?”

“दिसलं,” ती म्हणाली.

“मग?”

समोरच्या पोरांपैकी कुणी हसलं नाही, हे मला तेव्हा जाणवायला हवं होतं. अंकुश तर खिडकीबाहेर बघायला लागला होता. पण मी वैतागलेलो होतो. फोटोग्राफी म्हणजे निवडणं, नको ते टाकून देणं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो आणि तसं रोज करूनही दाखवत होतो. मी तिच्यादेखत तो फोटो पुसून टाकला. टाइल्सचाही, भांड्यांचाही.

“रिकामं कार्ड घेऊन जा,” मी म्हणालो, “आणि पुढच्या वेळी खरं काहीतरी आण.”

तिने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन अगदी सावकाश लावली.

पुढच्या शनिवारी मी वर्ग घेतलाच नाही. पोरांना म्हटलं, आज मी तुमच्या घरी येतो; तुम्हाला जे दिसत नाही ते मी दाखवतो. दुपारपर्यंत पाच घरं झाली. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी “बसा न जी सर”, आणि प्रत्येक घरी पोरांनी दाखवायला काढलेली नवी वस्तू. माझं डोकं दुखायला लागलं होतं.

वैजयंतीचं घर ओळीच्या टोकाला होतं. तिची आई, निर्मलाबाई, दारातच म्हणाली, “सर, थोडं थांबता काय? हे दाढी करून राहिले.” पण मी तोवर आत शिरलो होतो. घर दोनच खोल्यांचं, मागचं दार उघडं. दारापलीकडे न्हाणी, तिच्यावर पत्रा. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत आली होती आणि त्या उन्हात वैजयंतीचे वडील पाटावर बसून दाढी करत होते. अंगात बनियन. आरसा दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलेला. उजव्या हातात वस्तरा. डावा हात नव्हता. खांद्यापासूनच नव्हता.

मी जागच्या जागी थांबलो. मागच्या रविवारी मी काय बोललो होतो ते लख्ख आठवलं. हे मी आज चांगुलपणा दाखवायला सांगत नाही. कारण ते आठवलं आणि पुढच्याच क्षणी मागेही पडलं. मला समोर फोटो दिसत होता. ते ऊन, अर्ध्या चेहऱ्यावरचा फेस, गुडघ्यातला आरसा, आणि आरशात दिसणारा एकच डोळा. पंधरा वर्षांत असा फोटो दोनदा, फार तर तीनदा समोर येतो.

वैजयंतीचा कॅमेरा फडताळावर होता. मी तो उचलला.

“सर, नको,” ती माझ्या मागून म्हणाली.

“बघ,” मी हळूच म्हणालो, “हे मी पाच आठवडे सांगतोय. तू इथे रोज असतेस आणि तुला हे दिसत नाही.”

“सर, बाबाला नाही आवडत.”

“शिकवतोय मी तुला.”

मी चार वेळा बटण दाबलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली. त्यांची नजर आधी माझ्यावर आली, मग माझ्यामागे मुलीवर गेली. वस्तरा गालापाशी तसाच थांबला. मास्तर घरी आलेत, त्यांना काय बोलायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. वस्तरा खाली ठेवला आणि टॉवेल ओढून डाव्या खांद्यावर टाकला.

“बसा सर,” ते म्हणाले. “येतोच मी.”

चहा पिताना निर्मलाबाईंनी सांगितलं, चार वर्षांपूर्वी खाणीत कोळसा वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात हात गेला. वैजयंतीच्या वडिलांनी बाहेर यायला पुष्कळ वेळ लावला. वैजयंती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला कॅमेरा परत दिला, पण तसाच नाही. कार्ड काढून घेतलं, दुसरं रिकामं दिलं.

सोमवारी अनुपमाताईंनी तो फोटो संगणकावर पाहिला आणि खुर्ची मागे सरकवून उठून उभ्या राहिल्या. वीस वर्षं संस्था चालवलेली ही बाई अशी सहजासहजी उठणारी नव्हती.

“लांजेवार, हा कुणी काढला?”

मी म्हणालो, “कार्ड वैजयंतीचं आहे.”

हे खोटं नव्हतं. मी त्या वाक्याला कितीतरी दिवस धरून होतो.

“सोळा वर्षांची मुलगी,” त्या म्हणाल्या, “स्वतःच्या बापाकडे इतक्या धीटपणे बघते. हेच तर आपल्याला हवं होतं. हा मध्ये लावू. सगळ्यात मोठा.”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्या फोनकडे वळल्या आणि देणगी देणाऱ्या संस्थेच्या बाईंना सांगायला लागल्या. मी उघडलेलं तोंड मिटलं.

प्रदर्शन नागपुरात एका कलादालनात होतं. वसाहतीतून बस आली. पोरं आणि त्यांचे आईबाप धुतलेले कपडे घालून उतरले आणि दारातच घोळक्याने थांबले. अंकुशच्या फ्रीजचा फोटो मी लावला नव्हता. तो भिंतींवरून दोनदा फिरला आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मधल्या भिंतीवर चार फूट उंचीचा तो फोटो. खाली पाटी: ‘माझे बाबा – वैजयंती दुर्गे, इयत्ता दहावी’. लोक त्याच्यासमोर उभे राहत, गप्प होत, मग एकमेकांना काहीतरी हळू आवाजात सांगत. माझ्या ओळखीचे दोन जुने बातमीदार आले होते. एक मला म्हणाला, “पोरीला डोळा आहे राव.”

भाषणं झाली. मग देणगी देणाऱ्या संस्थेच्या, दिल्लीहून आलेल्या त्या बाईंनी माइक घेऊन वैजयंतीला पुढे बोलावलं. मराठी चांगलं होतं त्यांचं. तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “बाळ, हा फोटो काढताना तुझ्या मनात काय होतं?”

वैजयंतीने फोटोकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. पाच-सात सेकंद. मी काहीतरी करीन याची वाट बघितली असेल तिने.

“हा मी नाही काढला,” ती म्हणाली.

माइकमुळे ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. सगळे थांबले. अनुपमाताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. दिल्लीच्या बाईंनीही.

मी हसलो. हसून म्हणालो, “फार संकोची आहे ती. वर्गातसुद्धा असंच असतं. स्वतःचं काही दाखवायचं म्हटलं की लाजते.”

दालनात सुटकेसारखं हसू पसरलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि गुच्छ दिला. वैजयंती गुच्छ धरून उभी राहिली. आठ आठवडे मी त्या पोरांना सांगत होतो की मनातलं बोला, घाबरू नका. ती न घाबरता बोलली होती.

चहाच्या वेळी तिचे वडील माझ्याजवळ आले. मी त्यांना आधी ओळखलंच नाही. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डावी बाही घडी करून खिशात खोचलेली. त्यांच्या मागे निर्मलाबाई.

“सर,” ते म्हणाले, “तिनं काढला तो कुठं लावला जी?”

“कोणता?”

“याच शर्टातला. मी सगळ्या भिंती पाहून आलो. दिसला नाही मले.”

त्यांना वाटलं मला आठवत नाहीये. ते समजावून सांगायला लागले.

“हात गेल्यापासून मी कोणाले फोटो काढू दिला नाही. साळ्याच्या लग्नात नाही, कोणाच्याच कार्यक्रमात नाही. पोरगी म्हणे, बाबा, मी असा काढतो की काही दिसणार नाही. दोन घंटे मागं लागली. हिनं शर्ट प्रेस करून देल्ला. पोरीनं खुर्ची इकडून तिकडं, तिकडून इकडं सरकवली. मग कॅमेऱ्यात मले दाखवलं. चांगला आला होता, सर. मी पहिलेसारखा दिसत होतो. तोच पाहाले आलो आम्ही.”

“तो नाही लावला,” मी म्हणालो.

“मोठा नसन केला तरी चालते. लहान असन तर द्या. घरी लावतो.”

“तो पुसला गेला.”

“पुसला गेला म्हणजे?”

“म्हणजे मी पुसला. वर्गात. मला वाटलं…” पुढे काय वाटलं ते सांगता येईना.

त्यांनी मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. मोठ्या फोटोभोवती अजून लोक उभे होते. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, मग निर्मलाबाईंकडे.

“बस किती वाजता आहे जी परतीची?” त्यांनी मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मी अनुपमाताईंच्या दारात उभा होतो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, “आज सकाळच्या पेपरात तिच्या नावाने छापून आलाय. हे काल दुपारी का नाही बोललात? माइक तर समोर होता.”

मला ते काम हवं होतं, असं म्हणालो. त्यांना ते आधीच कळलं असावं.

फोटो त्याच दिवशी उतरवला. दिल्लीच्या बाईंना अनुपमाताईंनी स्वतः पत्र लिहिलं. तीन वर्षांचा उपक्रम रद्द झाला. त्या उपक्रमात वसाहतीतला वर्ग पुढे चालणार होता आणि कॅमेरे पोरांकडेच राहणार होते; आता वर्ग थांबवायचा आणि कॅमेरे परत आणायचे ठरलं. ते आणायला दुसरं कुणी जाणार होतं. मीच जातो म्हटलं.

रविवारी सभागृहात नऊ पोरं होती. मी उभं राहून सगळं सांगितलं. तो फोटो मी काढला, वैजयंती खरं बोलत होती, मी खोटं बोललो. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. वसाहतीत पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं.

“मग कॅमेरे काहून नेता?” अंकुशने विचारलं.

“उपक्रम बंद झाला.”

“तुमच्यानं?”

“हो. माझ्यामुळे.”

“म्हणजे खोटं तुम्ही बोलले आणि कॅमेरे आमचे गेले.” त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला. “माझ्या ताईचं लग्न आहे सर, पुढच्या महिन्यात. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, फोटो मी काढतो म्हणून.”

एकेक करून नऊ कॅमेरे टेबलावर आले. कुणी ‘येतो सर’ म्हटलं नाही.

दहावा आणायला मी ओळीच्या टोकाच्या घरी गेलो. वैजयंती दारातच होती. कॅमेरा तिने पिशवीत घालून तयार ठेवला होता.

“तुझी माफी मागायची होती,” मी म्हणालो.

“सभागृहात सांगितलं काय तुम्ही? सगळ्यांना?”

“सांगितलं.”

“आणि नागपूरला?”

“तिथेही.”

तिने पिशवीची चेन लावली. मग पिशवी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला, तेवढ्यात आतून तिच्या वडिलांचा आवाज आला.

“वैजू, थांब जरा.”

ते बाहेर आले. मला नमस्कार केला नाही, पण माझ्याकडे सरळ पाहिलं. “सर, तुम्हाले घाई आहे काय?”

“नाही.”

“मग तिले आणखी एक काढू द्या. मंग न्या.”

वैजयंती त्यांच्याकडे बघत राहिली. “बाबा, खरंच?”

“शर्ट आईले मांग,” ते म्हणाले आणि आत गेले. मीही सवयीने उंबरठ्यापर्यंत गेलो.

“सर,” वैजयंती म्हणाली, “तुम्ही बाहेर थांबा.”

दार लागलं. आत खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. निर्मलाबाई काहीतरी म्हणाल्या, ते दोघं हसले, मग पुन्हा खुर्ची सरकली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ट्रक जात होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मला तहान लागली होती, पण दार वाजवायची हिंमत झाली नाही. आत ती खुर्ची कितीदा सरकवत होती, पडदा लावत होती की काढत होती, खिडकी उघडत होती की बंद करत होती, हे मी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न केला आणि थोड्या वेळाने सोडून दिला. पाऊण तास गेला असेल.

दार उघडलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी उघडून पाहिलं. कॅमेरा होता, वायर होती, चार्जर होता.

“कार्ड नाही यात,” मी म्हणालो.

“कार्ड मी ठेवलं.”

मी मान हलवली. तिने दार हळूच लोटून घेतलं.

संस्थेत यादी भरताना मी दहाव्या कॅमेऱ्यापुढे ‘कार्ड हरवले’ असं लिहिलं आणि खाली सही केली. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. त्यानंतर मी पुष्कळ मुलांना शिकवलं, अजूनही शिकवतो. मुलांनी दाखवल्याशिवाय त्यांचा कॅमेरा हातात घेत नाही. तो फोटो मी आजपर्यंत पाहिलेला नाही.